माझी पंचविसावी बाटली

रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडला तर तो बुडावा की तरंगावा, याबद्दल वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत माझं काहीही मत नव्हतं. चोवीस वेळा मी रक्तदान केलं. चोवीस वेळा बोटाला टोचून तो थेंब काचेच्या ग्लासातल्या निळ्या पाण्यात सोडला गेला, आणि चोवीस वेळा तो गुमान तळाशी जाऊन बसला. मी कधी वाकून पाहिलंसुद्धा नाही. आपलं रक्त आहे, बुडणारच! पंचविसाव्या वेळी, म्हणजे चौदा एप्रिल दोन हजार नऊला, सडक अर्जुनीच्या आमच्या बुद्धविहारात, पांढरेशुभ्र कपडे घालून आलेल्या दीडशे माणसांदेखत तो तरंगला.

"तरंगला जी!" मागून कोणीतरी बोललंही. लोकांना दुसऱ्याच्या रक्तात फार रस असतो.

गोंदियाहून आलेल्या डॉक्टरबाईंनी एका छोट्या मशीनवर पुन्हा तपासलं. "हिमोग्लोबिन बारा पॉइंट दोन आहे. साडेबारा लागतं. या वेळी नाही घेता येणार."

"पॉइंट तीनसाठी?" मी म्हणालो. "बाई, मी चोवीस वेळा दिलंय."

"म्हणूनच म्हणते, थोडं स्वतःकडे ठेवा," असं म्हणून त्यांनी पुढच्याचं बोट हातात घेतलंसुद्धा.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे सांगत बसलो नसतो. भानगड फ्लेक्सची होती. आमच्या विहार समितीचे सचिव ईश्वरदास यांना कुठल्याही कामाआधी फ्लेक्स लावायची सवय आहे. त्यांनी आठवडाभर आधीच हायवेच्या चौकात माझा आठ फुटी फ्लेक्स टांगला होता. पाटबंधारे खात्याच्या माझ्या ओळखपत्रावरचा फोटो इतका वाढवला होता की माझा डावा कान चौकटीच्या बाहेर गेला होता. खाली लिहिलं होतं : 'रक्तदानाची पंचविशी पूर्ण केल्याबद्दल आयु. खुशाल शहारे यांचे हार्दिक अभिनंदन.' पूर्ण केल्याबद्दल! रायपूरहून नागपूरला जाणारा प्रत्येक ट्रकवाला ढाब्यावर उतरून, दात कोरत, माझ्या न झालेल्या पराक्रमाकडे बघत होता.

"फ्लेक्स उतरवा," मी ईश्वरदासांना म्हटलं.

"उतरवाचा कायले, शहारे बाबू? सहा डिसेंबरले पुन्हा शिबिर आहेच ना. तारखेवर पट्टी मारून देतो. तुम्ही फक्त रक्त वाढवा."

असं ते बोलले, जणू रक्त वाढवणं म्हणजे धानाच्या बांधीत पाणी सोडणं.

आता एक गोष्ट कबूल करून टाकतो, नंतर कोणी बोट दाखवायला नको. त्याच संध्याकाळी माझी बायको अल्का, जी गेली अठरा वर्षं अंगणवाडी सेविका आहे आणि गावातल्या गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या खायला लावणं हे जिचं रोजचं काम आहे, ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "एक लाल गोळी जेवणावर घ्या, लिंबाच्या पाण्यासंगं. अन् चहा कमी करा. चहानं गोळी लागत नाही अंगाले. होऊन जाते तीन महिन्यांत."

एवढंच. तीन-चार वाक्यं. ती ऐकली असती तर ही कथा इथेच संपली असती. पण घरातल्याच माणसाचा सल्ला, तोही फुकट, तोही भाजी निवडताना दिलेला, कोणी ऐकतं का? मी म्हणालो, "तू मला शिकवू नको. तुझ्या त्या बाया वेगळ्या, मी वेगळा."

"हो जी, तुम्ही वेगळे," ती म्हणाली आणि भिंतीला हात टेकून उठली. तेव्हा ती भिंतीला हात टेकून उठायची हे मला आज आठवतंय. तेव्हा मला एवढंच दिसलं की माझं पाणी यायला उशीर होतोय.

तरी गोळी घ्यायची हे मी ठरवलं. अल्काकडच्या गोळ्या मोजून येतात, त्यातली एक ती नवऱ्याला देणार नाही, असली बाई ती. म्हणून मी उपकेंद्रात गेलो. सरकारी माणसाने सरकारी गोळी घ्यावी, असा माझा सरळ विचार. सिस्टरने रजिस्टर उघडलं.

"गरोदर माता, स्तनदा माता, किशोरवयीन मुली," तिने वाचलं. "तुम्ही यात कुठं बसता जी?"

"कुठेही बसवा. मला फक्त गोळ्या पाहिजेत."

"असं कसं बसवू? इथं शेवटच्या पाळीची तारीख लिहावं लागते."

"तो रकाना रिकामा सोडा."

"रिकामा सोडला तं वरून विचारतेत."

बाकावर दोन बाया तपासणीला बसल्या होत्या. त्यातली एक पदर तोंडाला लावून म्हणाली, "कितवा महिना लागला जी, भाऊले?" मी तसाच उठलो. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी अनेकांना रजिस्टरचं कारण सांगून परत पाठवलं आहे, पण ते कसं लागतं हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी मेडिकलमधून घेतल्या. आता गोळी लक्षात कधी राहणार? तर चहाच्या वेळी. आमच्या ऑफिसात कवडू शिपाई दिवसातून सहा वेळा चहा आणतो, त्याच्या हातचा चहा म्हणजे काळाकुट्ट, जाड, आणि पहिल्याच घोटाला झोप उडवणारा. साडेअकराच्या चहाबरोबर मी गोळी गिळायला लागलो. कवडूही आठवण करून द्यायचा, "सायेब, गोळी घ्या, चहा थंडा होऊन राहिला."

चौथ्या दिवशी सकाळी जे दिसलं ते मी इथे लिहीत नाही. फक्त रंग सांगतो : काळा. मी घाबरून शेजारच्या बकारामकडे गेलो. बकारामची तीन एकर धानाची शेती आहे, दोन बैल आहेत, आणि त्या बैलांवर त्याने शिकलेलं सगळं वैद्यकशास्त्र तो माणसांवर चालवतो.

"आतडं जळलं," तो म्हणाला. "माह्या लाल्याले असंच झालं होतं."

"मग लाल्याचं काय झालं?"

"विकला."

अल्का म्हणाली, लोहाच्या गोळीने तसं होतंच, घाबरू नका. पण बैल विकला हे ऐकल्यावर माणसाला धीर कसा यावा? शिवाय पोट गच्च बसलं होतं. बकारामने इसबगोल सांगितलं. ते घेतलं. पोट मोकळं झालं, इतकं मोकळं झालं की ऑफिसात माझी खुर्ची रिकामी आणि संडासाची कडी लावलेली, असं आठवडाभर चाललं. आणि नेमक्या अशा अशक्त अवस्थेत मला भूपेंद्रने गाठलं.

भूपेंद्र आमच्याच गल्लीत राहतो. आधी विमा विकायचा, मग पाणी शुद्ध करायचं यंत्र, मग कुठल्यातरी जमिनीचे प्लॉट. आता 'पूर्णकाया' नावाच्या कंपनीची पावडर आणि कॅप्सूल. गळ्यात टाय, पायात चप्पल. मूळचा गोंदियाचा, त्यामुळे महत्त्वाचं काही सांगायचं असलं की हिंदीवर जातो.

"भाऊसाहेब, इसबगोल से आपके सब विटामिन धुल गये," त्याने मला चौकात, माझ्याच फ्लेक्सखाली उभं करून सांगितलं. "आधी मल्टीव्हिटॅमिन. मग प्रोटीन. मग कॅल्शियम, हड्डी के लिए. बाकी मैं हूँ ना."

"इतकं खाऊन काही अपाय?"

"ये दवाई थोडी है? फूड है, फूड! भात का साइड इफेक्ट सुना है कभी?"

बकाराम बाजूलाच उभा होता. त्याने आपल्या पोटावर हात फिरवला.

मी डबे घेऊन आलो. मल्टीव्हिटॅमिनने दोन दिवसांत लघवी हळदीसारखी पिवळी केली. बकाराम म्हणाला, "कावीळ!" भूपेंद्र म्हणाला, "लिवर साफ हो रहा है," आणि लिव्हरचं टॉनिक दिलं. टॉनिकने भूक इतकी वाढली की मी दोन जेवणांमध्ये तिसरं जेवण करू लागलो. अल्का माझ्यासाठी अंडी उकडायची, खजूर भिजवायची, डाळिंब सोलून वाटीत ठेवायची. पँटचा हूक तुटला. भूपेंद्रने चरबी उतरवायची हिरवी पावडर दिली. तिने रात्रीची झोप उतरवली, चरबी जागच्या जागी राहिली. म्हणून मग ताकदीसाठी एक काळी कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ. तिच्या डबीवर 'ज्येष्ठमध व अकरा गुप्त वनस्पती' असं लिहिलेलं होतं.

"गुप्त कशाला?" मी विचारलं.

"कॉपी होते ना, भाऊसाहेब."

प्रोटीनची पावडर मला वासानेच नको झाली. ती मी बकारामच्या वासराला देऊन पाहिली. वासराने टोपल्यात तोंड घातलं, बाहेर काढलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी टोपलं उचलून घरी आलो. माणसाने मात्र ती तीन महिने खाल्ली. माणूस म्हणजे मी.

या सगळ्याचं वेळापत्रक सांभाळायचं म्हणजे एक स्वतंत्र कारकून पाहिजे होता. शेवटी मी युक्ती काढली. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये सगळ्या डब्या ओळीने मांडल्या आणि साडेअकराला कवडूचा कप आला की लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन, काळी कॅप्सूल, सगळं तळहातावर घेऊन एका दमात चहाबरोबर खाली. साहेबसुद्धा कौतुकाने बघायचे. ऑफिसचे लोक मला हळूच 'मेडिकल' म्हणायला लागले होते, पण मी मोठेपणाने दुर्लक्ष केलं.

आणि अल्का? ती अंगणवाडीतून आली की ओट्यावर जरा वेळ बसायची. हापशीवरून दोन घागरी आणल्या की पुन्हा बसायची. "काय झालं?" मी विचारायचो. "काही नाही जी, दम लागून राहिला." मी म्हणायचो, "वय झालं आता, व्यायाम करत जा." बेचाळीस वर्षांची बाई! आणि हे मी तिनेच सोललेलं डाळिंब खाता खाता म्हणायचो. लाज वाटते, पण म्हणायचो.

सप्टेंबरात विधानसभेची आचारसंहिता लागली. चौकातले सगळे फोटो झाकायचे असा हुकूम निघाला. फ्लेक्सवर माझा भलामोठा चेहरा, खाली 'हार्दिक अभिनंदन', आणि ईश्वरदासांनी तारखेवर मारलेल्या पट्टीमुळे अर्धा मजकूर गायब. तपासणी पथकाने फोटो काढून नेला. चौथ्या दिवशी आमच्या साहेबांनी मला बोलावलं.

"शहारे, तुम्ही उभे राहताय?"

"नाही साहेब, बसूनच असतो."

"निवडणुकीला हो! खुलासा द्या. लेखी."

मी दोन पानी खुलासा लिहिला. 'अर्जदार निवडणूक लढवीत नसून रक्तदान करीत आहे. तसेच सदर रक्तदान अद्याप झालेले नसून ते झाल्याचा मजकूर अनवधानाने आगाऊ छापण्यात आला आहे.' साहेबांनी तो तीन वेळा वाचला आणि विचारलं, "म्हणजे नेमकं काय झालंय?" मला तरी कुठे माहीत होतं! फ्लेक्सवर बारदाना बांधला गेला. वाऱ्याने त्याची एक कड उडायची आणि तेवढा माझा उजवा कान दिसायचा. अल्काला हापशीवर बाया विचारायच्या, "भाऊचं चिन्ह कोणतं आहे वो?"

सहा डिसेंबर उजाडला. ईश्वरदासांनी बारदाना सोडून नवी पट्टी मारली होती. अभिवादन झालं, वंदना झाली, सगळे शांत बसले आणि मी आठ महिन्यांची कमाई अंगात घेऊन टेबलाशी गेलो. त्याच डॉक्टरबाई होत्या. अल्का माझ्यामागे उभी. बोटाला टोचलं. थेंब निळ्या पाण्यात पडला.

या वेळी मी वाकून पाहिलं. थेंब खाली निघाला. शाबास! अर्ध्यावर गेला. तिथे थांबला. जरा विचार केला आणि सावकाश वर आला.

"बारा पॉइंट एक," बाई म्हणाल्या.

आठ महिन्यांत मी पॉइंट एकने मागे आलो होतो! बाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, कपाळाला आठ्या घातल्या. "बीपी वरचं एकशे बहात्तर, खालचं एकशे आठ. तुम्हाला बीपी आहे का?"

"एप्रिलपर्यंत नव्हता."

"काय खाता?"

मी अभिमानाने पिशवी टेबलावर ठेवली. मुद्दाम आणली होती, माझे कष्ट दिसावेत म्हणून. बाईंनी एकेक डबी काढली, डोळ्यांपाशी नेली, ठेवली. टेबल भरलं. रक्तदात्यांची रांग पुढे सरकायची सोडून जवळ आली. काळ्या कॅप्सूलची डबी त्यांनी दोनदा वाचली.

"ज्येष्ठमध इतकं रोज पोटात गेलं तर बीपी वाढू शकतं. आणि या अकरा गुप्त वनस्पती कोणत्या, हे तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. आजपासून बंद. दोन दिवसांनी दवाखान्यात या, लिव्हर-किडनी तपासू. एका गोळीचं काम होतं, तुम्ही अख्खं दुकान खाल्लंत." मग त्यांनी लोहाची पट्टी उचलली. "ही बरोबर आहे. ही लागू पडायला पाहिजे होती. कशाबरोबर घेता?"

मी रिकामी पिशवी उचलून तिची घडी घालू लागलो.

"पाण्याबरोबर?"

"चहाबरोबर," मी म्हणालो.

"आणि कॅल्शियम?"

"त्याच घोटात."

मी अल्काकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती. अठरा वर्षं तीच एक गोष्ट बायांना सांगणारी बाई छताकडे पाहत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

भूपेंद्र रांगेत होता, तो हळूच चपला घालायला निघाला. ईश्वरदासांचा मात्र जीव फ्लेक्समध्ये अडकलेला. "बाई," ते हात जोडून म्हणाले, "शहारेंच्या घरून एक तरी बाटली घ्या. मले पट्टी बदलून बदलून कंटाळा आला. वहिनी देतीन ना! काऊन वहिनी?"

"देतो ना," अल्का म्हणाली. "मले काय झालं?"

तिने बोट पुढे केलं. टोचल्यावर थेंब यायलाच वेळ लागला, आणि आला तो कसला फिका. निळ्या पाण्यात पडला. माझा निदान अर्ध्यापर्यंत गेला होता. हिचा वरच राहिला, बुडायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

बाईंनी मशीनवर घेतलं. मग पुन्हा घेतलं. मग अल्काच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि तिला खुर्चीवर बसवलं.

"सात पॉइंट नऊ. तुम्ही चालत कशा आलात इथपर्यंत?"

"पायानंच," अल्का म्हणाली. "दम लागते थोडासा."

"अंगणवाडीत आहात ना तुम्ही? गोळ्या वाटता ना? स्वतः का नाही घेत?"

"मी गरोदर नाही जी," अल्का म्हणाली. "मोजून येतेत त्या."

कोणी हसलं नाही. टेबलावर माझ्या अकरा डब्या मांडलेल्या होत्या. त्यातली एकही तिच्यासाठी नव्हती. अंडं माझं, खजूर माझे, डाळिंब माझं, आणि सगळ्यांचं झाल्यावर भांड्याला लागलेलं तिचं. मला डॉक्टरबाईंचा राग आला, ईश्वरदासांचा आला, भूपेंद्रचा तर आलाच, आणि तो कोणावरच नीट बसेना, कारण ज्याच्यावर बसायला हवा होता तो मीच तिथे पिशवी धरून उभा होतो.

तिची सगळी तपासणी झाली. आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार घरोघरी सापडतो, म्हणून आधी तो पाहिला, नाही निघाला. मग गोळी सुरू झाली, तीच लाल, साधी, तिला आणि लिंबाच्या पाण्याबरोबर मलाही. माझ्या डब्यांपैकी काही अल्काने धुऊन अंगणवाडीत नेल्या, त्यात आता चिंचोके असतात, पोरं मोजणी शिकतात. माझा बीपी दोन महिन्यांत उतरला. लिव्हर-किडनी शाबूत निघाली, हे बकारामला अजून पटलेलं नाही.

आणि मी? मी आता रोज दुपारी सुट्टीत सायकल मारत अंगणवाडीत जातो. एका हातात गोळी, एका हातात लिंबूपाण्याचा गडवा.

"काऊन आले तुम्ही पुन्हा? पोरं हसतेत."

"हसू दे. गीळ."

"घेतली असती ना मी."

"माझ्यासमोर गीळ. आणि चहा घेतलास का? खरं सांग."

"अर्धा कप घेतला जी, सकाळी."

"अर्धा कप!" मी असा ओरडतो की झोपलेली दोन पोरं उठतात. घरी आधी तिचं ताट वाढतो. ती म्हणते, तुमच्या हातची तरोट्याची भाजी कडू होते. होते. मी म्हणतो खा. इतकी हट्टी बाई मी पाहिलेली नाही. जन्मभर दुसऱ्यांना गोळ्या देईल, स्वतः घेताना मात्र तोंड असं करते जसं बकारामच्या वासराने केलं होतं. आणि कवडूला मी साडेअकराचा चहा बंद करायला सांगितला, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

पुढच्या चौदा एप्रिलला आम्ही दोघंही गेलो. बाईंनी आधीच बजावलं होतं, अल्काचं रक्त इतक्यात घ्यायचं नाही, फक्त तपासायचं. चालेल, म्हटलं, तपासा. मी ग्लासाला नाक लावून उभा राहिलो. अल्काच्या बोटाला टोचलं. थेंब या वेळी पटकन आला, लालभडक. निळ्या पाण्यात पडला, जरासा हलला, आणि सरळ तळाशी जाऊन बसला.

"बुडाला!" मी ओरडलो. "बुडाला, बुडाला, बुडाला!"

ईश्वरदास हार घेऊन धावत आले, त्यांना वाटलं माझाच. अल्का म्हणाली, "हळू बोला जी, लोक पाहून राहिले." पाहू दे! आठ फुटी फ्लेक्सवर वर्षभर पाहिलंच ना.

मग माझी पाळी आली. पंचविसावी बाटली भरली, शाल मिळाली, फोटो निघाला, त्यातही डावा कान कापला गेला. माझा थेंब त्या निळ्या पाण्यात कसा गेला ते मात्र मला सांगता येणार नाही. बाटली घेतली म्हणजे बुडालाच असेल. मी अल्काच्या ग्लासाकडे बघत होतो.